मनगट दुखतंय? आधी कीबोर्ड बघा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मी गेली 18 वर्षं मराठी डीटीपी करतो, लग्नपत्रिका, अहवाल, कोर्टाचे कागद, काय येईल ते. मागच्या वर्षी अंगठा, तर्जनी, मधलं बोट रात्री बधिर व्हायला लागलं, करंगळी मात्र ठणठणीत! डॉक्टर म्हणाले, मनगटातली मीडियन नर्व्ह दबतेय, कार्पल टनेल. रात्री पट्टा बांधायला दिला आणि विचारलं, कीबोर्डचे मागचे पाय उघडे ठेवता का? ठेवत होतो, सगळेच ठेवतात, पण त्यानं मनगट वर वाकतं म्हणे. पाय मिटले, त्यात पैसा शून्य.

मग मधून दोन भाग झालेला एर्गोनॉमिक कीबोर्ड घेतला. असा कीबोर्ड मायक्रोसॉफ्टनं 1994 मध्येच काढला होता, आपल्याकडे दुकानदाराला अजून समजावून सांगावं लागतं. पहिले तीन आठवडे स्पीड पार झोपला. इनस्क्रिप्टमध्ये (मराठी टायपिंगसाठी बटणांची ठरलेली मांडणी) स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, पण 'व' येतो बीच्या बटणावर आणि ते बटण गेलं डाव्या भागात, उजवं बोट नुसतं टेबलावर आपटायचं आणि 'विवाह'चा 'िाह' व्हायचा (पत्रिकावाले किती हसले!). आता बधिरपणा बराच कमी आहे, पट्टा अजून आहेच.

टायपिंग क्लासवाल्यांनी स्पीडबरोबर मनगट कसं ठेवायचं हे पहिल्याच दिवशी शिकवावं, आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

— एक डीटीपीवाला, सांगली