डबा उघडू नकोस

प्रिय बंड्या,

तुझ्या पत्राला दोन महिने उत्तर नाही, तेव्हा आधी शिव्या देऊन घे. प्रकृती बरी आहे, गुडघा सोडून.

होडीच्या बुडावर शेवाळ धरू नये म्हणून तू कडक, म्हणजे न झिजणाऱ्या रंगाचा डबा आणलास हे वाचलं आणि डोकंच धरलं. उघडू नकोस. आधी ओल्या फडक्याने बूड जोरात पूस. फडक्याला रंग लागला तर जुना थर मऊ, झिजणारा आहे. त्यावर कडक रंग पापुद्र्यांनी सुटेल. खालचाच धरून राहत नाही, वरचा कशाला टिकतोय? शऱ्याला विचारलंस म्हणू नकोस. शऱ्या हा रंग घराच्या दारालाही मारेल.

गोड्या पाण्यात भांडण मुख्यतः शेवाळाशी, त्यामुळे समुद्रासाठीचा तांब्याने गच्च भरलेला महाग रंग नको. दर फेरीनंतर होडी बाहेर काढणाऱ्याला तर रंगच नको, स्पंज पुरे. पण तुझी हंगामभर पाण्यात, मग कित्येक महिने ट्रेलरवर. बहुतेक कडक रंग असे कोरडे पडले की निकामी होतात. झिजणाऱ्याचा वरचा थर जातो आणि खालचा ताजा वर येतो. हेच त्या वेळी सांगत होतो, तर तू चहा अर्धा टाकून उठलास!

आता माप. पाण्यातली लांबी ५.५ मीटर, रुंदी २.२, खोली १.२. आधी रुंदी अधिक खोली, मग त्याला गुणिले लांबी, म्हणजे १८.७, तुझ्या बेताच्या कीलला (बुडाखालच्या पात्याला) त्याचा पाऊण भाग, १४ चौरस मीटर. लिटरला साधारण १० चौरस मीटर धर. दोन हातांना तीन लिटर. उरेल तो कीलच्या पुढच्या कडेला, सुकाणूला आणि पाण्याच्या रेघेला तिसरा हात म्हणून. आधी तिथेच झिजतो. पहिला हात वेगळ्या रंगाचा मार, तो डोकावला की पुन्हा रंगवायचं.

८० नंबरचा पॉलिश पेपर, पण पाणी लावूनच घास. कोरडी धूळ विषारी. मास्क, हातमोजे हवेतच. डबा तळापासून ढवळ, तांबं खाली बसतं. तू वरचं पातळ मारून मोकळा होशील, म्हणून सांगतो. मास्किंग टेप रंग ओला असतानाच काढ.

चिंगीला नोकरी लागली, फार छान. वहिनींना नमस्कार.

तुझा,
नाना

ता. क. इंजिनाचा पाय, म्हणजे पाण्यात बुडणारा भाग, अ‍ॅल्युमिनियमचा आहे. त्याला तांब्याचा रंग लावलास तर खड्डे पडतील.