शेठ वालचंद यांचे संघटनकार्यही आठवावे

संपादक महोदय,

येत्या ८ एप्रिलला शेठ वालचंद हिराचंद यांचा स्मृतिदिन आहे. सोलापूरचे हे उद्योगपती जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही उद्योगांसाठी ओळखले जातात, ते योग्यच आहे. परंतु १९२७ मध्ये त्यांनी महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स या व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेची स्थापना केली आणि १९३२-३३ मध्ये ‘फिक्की’ या देशभरातील व्यापारी-उद्योग संघटनांच्या महासंघाचे अध्यक्षपद भूषविले, याचा उल्लेख क्वचितच होतो.

माझ्या मते हे कार्य तितकेच मोलाचे आहे. ५ एप्रिल १९१९ रोजी वालचंदांच्या सिंदिया या जहाज कंपनीची ‘लॉयल्टी’ ही बोट मुंबईहून लंडनला निघाली, तेव्हा आपल्या किनाऱ्यावरची मालवाहतूकही ब्रिटिश कंपन्यांच्या मुठीत होती आणि भाडे पाडून या स्वदेशी कंपनीला जेरीस आणण्याचे प्रयत्न झाले. अशा लढाईत एकट्या कंपनीचा निभाव लागणे कठीण असते, सरकारी धोरणच बदलावे लागते आणि त्यासाठी उद्योजकांचा संघटित आवाज लागतो. किनारी वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवावी, ही मागणी वालचंदांनी वर्षानुवर्षे लावून धरली. १९२८ मध्ये साराभाई नेमचंद हाजी यांनी मध्यवर्ती विधिमंडळात तसे विधेयकही मांडले. त्या मागणीला यश आले ते मात्र स्वातंत्र्यानंतरच.

आजच्या लहान उद्योजकांना, विशेषतः जिल्ह्याच्या ठिकाणी एकाकी झगडणाऱ्यांना, हा इतिहास माहीत असायला हवा. म्हणून चेंबरने वालचंदांची भाषणे आणि सरकारदरबारी दिलेली निवेदने मराठीत संकलित करून अल्प किमतीत उपलब्ध करून द्यावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, सोलापूर