खुले पत्र : परदेशातील खनिजांबरोबर ती शुद्ध करण्याची विद्याही घरी यावी

प्रति,
मा. केंद्रीय खाण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : महत्त्वपूर्ण खनिजांच्या परदेशी भागीदारीतील प्रकल्पांना दिल्या जाणाऱ्या सरकारी निधीच्या अटींबाबत

महोदय,

सविनय नमस्कार. मी नागपूरचा रहिवासी असून माझ्या नोकरीची तीसएक वर्षे खनिजातून धातू वेगळा काढण्याच्या प्रयोगशाळांत आणि प्रायोगिक संयंत्रांत गेली. 29 जानेवारी 2025 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 16,300 कोटी रुपयांच्या खर्चाच्या राष्ट्रीय महत्त्वपूर्ण खनिज अभियानाला मंजुरी दिली, तेव्हा आमच्या पिढीतील धातुकर्मींना मनापासून आनंद झाला, कारण ज्या कामाकडे आम्ही असताना फारसे कोणी वळूनही पाहिले नाही, त्याला अखेर देशाच्या धोरणात जागा मिळाली. हे अभियान यशस्वी व्हावे, याच तळमळीने एका मुद्द्याकडे आपले लक्ष वेधत आहे.

अभियानाच्या उद्दिष्टांनुसार 2030-31 पर्यंत सार्वजनिक उपक्रमांनी 26 आणि खासगी कंपन्यांनी 24 खाणी परदेशात मिळवायच्या आहेत. त्याची सुरुवातही झाली आहे. खनिज बिदेश इंडिया लिमिटेड म्हणजेच 'काबिल' या कंपनीने 15 जानेवारी 2024 रोजी अर्जेंटिनातील कातामार्का प्रांताच्या सरकारी कंपनीशी करार करून 15,703 हेक्टरवरील लिथियमचे पाच ब्लॉक शोधकार्यासाठी घेतले, आणि हा प्रकल्प सुमारे 200 कोटी रुपयांचा आहे. 'काबिल'च्या तीन भागीदार कंपन्यांपैकी एक, खनिज अन्वेषण करणारी एमईसीएल, आमच्या नागपूरचीच असल्यामुळे या कराराचे आम्हाला विशेष अप्रूप आहे. बॅटऱ्यांसाठी लागणाऱ्या लिथियम, कोबाल्ट आणि निकेल या तिन्हींसाठी देश पूर्णपणे आयातीवर अवलंबून असताना परदेशात पाय रोवायलाच हवेत. परदेशात पैसा गुंतवावा की नाही, असा प्रश्न मी मुळीच उपस्थित करीत नाही. त्या पैशाच्या बदल्यात आपण काय मागून घेतो, एवढाच माझा प्रश्न आहे.

हा पैसा कोणाचा, हेही येथे नमूद करायला हवे. 2025 मध्ये खाण कायद्यात झालेल्या दुरुस्तीने खाणपट्टाधारकांनी खनिजशोधासाठी निधी जमवणाऱ्या राष्ट्रीय खनिज न्यासाला द्यावयाचा वाटा स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या) 2 टक्क्यांवरून 3 टक्के झाला आणि त्या निधीतून देशाबाहेरील खाणींचा शोध व विकास करण्याची मुभा मिळाली. म्हणजे भंडाऱ्यातील डोंगरी बुजुर्गच्या मँगनीजवर किंवा गडचिरोलीतील सुरजागडच्या लोहखनिजावर जमा होणाऱ्या रकमेतला काही भाग उद्या अर्जेंटिनाच्या अँडीज पर्वतातल्या, लिथियम असलेल्या मिठागरांवर खर्च होऊ शकतो. मला ते गैर वाटत नाही. पण ज्यांच्या जमिनीखालचे खनिज जाते आणि ज्यांच्या रस्त्यावरून रात्रंदिवस ट्रक धावतात, त्यांच्या वाट्याच्या पैशाने देशाला टिकाऊ काहीतरी मिळाले पाहिजे, आणि खाणीचा पट्टा ही काही टिकाऊ गोष्ट नव्हे. करार संपला की पट्टा जातो. त्या देशातले सरकार बदलले की अटी बदलतात.

टिकते ती शुद्धीकरणाची विद्या. आपली खरी उणीवही तिथेच आहे. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या 2025 च्या अहवालाप्रमाणे भारताकडे दुर्मिळ मृदा (शक्तिशाली चुंबकांसाठी लागणाऱ्या धातूंचा गट, इंग्रजीत 'रेअर अर्थ') ऑक्साइडांचे सुमारे 69 लाख टनांचे साठे आहेत आणि वर्षाचे उत्पादन मात्र 2,900 टनांच्या घरात आहे. दुसरीकडे, जगातील दुर्मिळ मृदांच्या शुद्धीकरणापैकी सुमारे 90 टक्के काम एकट्या चीनमध्ये होते. एप्रिल 2025 मध्ये चीनने सात दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातल्यावर आपल्या वाहन कारखान्यांची जी धावपळ झाली, ती आपण पाहिलीच आहे. दगड जगात अनेक ठिकाणी आहे. तो उघडून त्यातले निओडिमियम हे चुंबकासाठी लागणारे दुर्मिळ मृदा मूलद्रव्य वेगळे करून देणारे हात फार थोड्या ठिकाणी आहेत.

हे काम इतके अवघड का, ते थोडक्यात सांगतो. दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये रासायनिक स्वभावाने सख्ख्या भावंडांसारखी असतात. आम्लात विरघळवल्यावर ती एकमेकांपासून सहजी सुटत नाहीत. म्हणून तो द्राव एका विशिष्ट सेंद्रिय द्रावणाशी घुसळायचा, दोन थर निवळू द्यायचे, पुन्हा घुसळायचे, आणि हे शेकडो टाक्यांच्या मालिकेतून अखंड चालू ठेवायचे. प्रत्येक टाकीत एक मूलद्रव्य दुसऱ्यापासून अगदी थोडेसे दूर सरकते. कुठे आम्लता जराशी ढळली की कित्येक दिवसांची मेहनत वाया जाते.

आमच्या एका प्रायोगिक संयंत्रातील रात्रपाळी मला अजून आठवते. निवळणाऱ्या दोन थरांच्या मध्ये गढूळ, साबणाच्या फेसासारखा तिसरा थर धरू लागला होता आणि तो वाढला असता तर सगळी मालिका बंद करावी लागली असती. परदेशी पुरवठादाराची जाडजूड पुस्तिका समोर होती, पण तिच्यात त्याबद्दल एक ओळही नव्हती. शेवटी आमच्या एका जुन्या ऑपरेटरने टाकीच्या काचेला डोळा लावून बराच वेळ पाहिले, ढवळणीचा वेग थोडा कमी केला आणि आधीच्या गाळणीचे कापड बदलायला सांगितले. पहाटेपर्यंत थर स्वच्छ निवळले. त्याच संयंत्राची नियंत्रणप्रणाली पुरवठादाराने पासवर्ड घालून बंद ठेवली होती. त्यांचे अभियंते परत गेल्यावर एक आकडा बदलायचा तरी आम्हाला पत्र पाठवून आठवडेच्या आठवडे वाट पाहावी लागे. करारात यंत्रे होती, सुटे भाग होते, हमीचा कालावधी होता. विद्या हस्तांतरित करण्याची अट लिहायची राहून गेली होती, आणि तो दोष सही करणाऱ्या आमच्या बाजूचाही होता.

हीच चूक राष्ट्रीय पातळीवर घडू नये, एवढ्यासाठी हे लिहीत आहे. 2012 मध्ये आयआरईएल ही दुर्मिळ मृदा काढणारी आपली सरकारी कंपनी आणि जपानच्या टोयोटा त्सुशो समूहाच्या कंपनीत करार झाला. ओडिशात तयार होणारे मिश्र दुर्मिळ मृदा क्लोराइड विशाखापट्टणमच्या संयंत्रात प्रक्रिया होऊन जपानला जाई आणि चुंबक तिकडे बनत. त्या करारात जपानने काही वावगे केले, असे मी म्हणणार नाही. त्यांना काय हवे आहे हे त्यांना नेमके ठाऊक होते. 2010 मध्ये चीनकडून येणारा पुरवठा अचानक अडल्यावर पुढच्याच वर्षी जपानच्या सरकारी संस्थेने सोजित्झ या व्यापारी कंपनीबरोबर दुर्मिळ मृदा काढणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या लायनस कंपनीला 25 कोटी डॉलरचे अर्थसाहाय्य दिले, त्या बदल्यात पुरवठ्याची लेखी हमी घेतली, आणि मधल्या पडत्या काळात कर्जाच्या अटी शिथिल करून ती कंपनी तगवली. 2023 मध्ये पुन्हा 20 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर घालून जड दुर्मिळ मृदांच्या 65 टक्क्यांपर्यंतच्या उत्पादनावर हक्क मिळवला. जपानचे चीनवरील अवलंबित्व सुमारे 90 टक्क्यांवरून 60 टक्क्यांच्या आसपास आले, ते या चिकाटीमुळे. मात्र जपानकडे चुंबक बनवण्याची विद्या आधीपासून होती, त्याला केवळ माल हवा होता. आपल्याला माल आणि विद्या दोन्ही हवे आहेत, म्हणून आपल्या अटी जपानपेक्षा अधिक कडक असायला हव्यात.

माझी पहिली विनंती अशी की, सरकारी निधी घेणाऱ्या प्रत्येक परदेशी प्रकल्पाच्या करारात भारतीय अभियंते आणि ऑपरेटर यांची ठरावीक संख्या शुद्धीकरण संयंत्रात, प्रत्यक्ष पाळ्यांमध्ये, किमान दोन वर्षे काम करील असे कलम बंधनकारक करावे. आठ दिवसांचे अभ्यासदौरे यात धरू नयेत. अभियानाने 10,000 जणांना प्रशिक्षण देण्याचे आणि 1,000 पेटंटांचे लक्ष्य ठेवले आहे, मुंबई आयआयटीसह देशातील नामांकित संस्थांत उत्कृष्टता केंद्रे मंजूर केली आहेत. परदेशातून शिकून आलेली माणसे या केंद्रांत शिकवायला आली, तरच त्या लक्ष्यांना अर्थ येईल. नियंत्रणप्रणाली आणि प्रक्रियेची संपूर्ण माहिती भारतीय भागीदाराला खुली असणे, ही निधीचा पहिला हप्ता सुटण्यापूर्वीची अट असावी.

दुसरी विनंती माहितीची. मार्च 2023 मध्ये भारत-ऑस्ट्रेलिया भागीदारीतून दोन लिथियम आणि तीन कोबाल्ट प्रकल्प निवडल्याचे जाहीर झाले होते. त्या पाचही प्रकल्पांचे पुढे काय झाले, हे संसदेतील प्रश्नोत्तरांची वाट न पाहता सामान्य नागरिकाला कळायला हवे. काही प्रकल्प सोडून द्यावे लागले असतील तर त्यात कमीपणा नाही. खनिजशोधात दहा ठिकाणी खोदावे तेव्हा एखादे फळते, हे आम्हा लोकांना चांगले माहीत आहे. पण का सोडले, हे लिहून ठेवले नाही तर पुढचे पथक तीच चूक पुन्हा पैसे मोजून करते. प्रत्येक प्रकल्पाचा वार्षिक अहवाल, व्यापारी गुपिते वगळून, मंत्रालयाने मराठीसह भारतीय भाषांतून प्रसिद्ध करावा.

आणि एक विनंती पाण्याची. कातामार्का हा कोरडा, उंचावरचा प्रदेश आहे. तिथे जमिनीखालचे खारे पाणी उपसून उघड्या तळ्यांत महिनोन्महिने वाळवून लिथियम काढण्याची पद्धत रूढ आहे. त्याच प्रांतात एका मिठागरावरील नवे परवाने 2024 मध्ये तेथील न्यायालयाने नदीवरच्या एकत्रित परिणामांचा अभ्यास होईपर्यंत थांबवले. आपले ब्लॉक वेगळ्या भागात असले तरी तिथल्या गावांचा प्रश्न तोच आहे. विदर्भात खाणीमुळे आटलेल्या विहिरी आम्ही पाहिल्या आहेत. भारताच्या पैशाने चालणाऱ्या प्रकल्पामुळे दुसऱ्या कोणाची विहीर आटू नये, म्हणून पाण्याची मोजणी काम सुरू होण्याआधीपासून व्हावी आणि तिचे आकडे तिथल्या लोकांना त्यांच्या भाषेत मिळावेत.

कातामार्कातील शोधकार्यासाठी पुढचे पथक जाईल तेव्हा त्यात भूवैज्ञानिकांबरोबर शुद्धीकरणाचे काम शिकू इच्छिणारे किमान चार-पाच तरुण अभियंते असतील का, एवढे आपल्या मंत्रालयाने कृपया जाहीरपणे कळवावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त धातुकर्म अभियंता, नागपूर