तिसऱ्या बोअरबद्दल

तीर्थरूप आई-बाबांस, साष्टांग नमस्कार.

बाबांनी तिसऱ्या बोअरची जागा दाखवायला पाणाड्याला बोलावल्याचे दादाकडून कळले. उसाला यंदा पाणी पुरणार नाही ही काळजी खरी आहे; तरी बोअरची गाडी शेतात येण्यापूर्वी माझे म्हणणे वाचावे.

२०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले, लातुरात पाण्याच्या ठिकाणी जमावबंदीचे कलम १४४ लावावे लागले आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे आली. ज्यांची आपली ओळखदेख नव्हती, त्यांनी सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून पाणी धाडले. तेव्हा आपला बोअर जेमतेम काही घागरी देत होता आणि त्यांतल्या दोन आई, कोणी न मागता, शेजारच्या तात्यांच्या ओट्यावर नेऊन ठेवत असे. धूळ पडू नये म्हणून तोंडाला फडके बांधून. तात्या त्याबद्दल चकार शब्द बोलले नाहीत (ते कशाबद्दलच बोलत नाहीत), पण पुढे बांधाचा जुना तंटा त्यांनी आपणहून सोडून दिला.

त्याच तात्यांच्या विहिरीपासून हाकेच्या अंतरावर आपण दुसरा बोअर घेतला, आणि ती विहीर आता संक्रांतीपूर्वीच तळ गाठते. आपल्याकडे पाणी असते ते वरच्या मुरमात आणि काळ्या पाषाणाच्या भेगांत. त्या भेगांना बांध ठाऊक नसतो. सहाशे फुटांवर लागलेले पाणी पुष्कळदा शेजाऱ्याचेच असते. २००९ च्या भूजल कायद्याने ६० मीटरांहून खोल विहिरींवर निर्बंध घातले, ते उगाच नव्हे.

बाबा, तेव्हाची चूक कोणाच्या वाईटावर टपून झालेली नाही. सगळेच खोल जात होते, आणि परतीच्या पावसाने मांजरा भरल्यावर सगळ्यांनीच पुन्हा ऊस लावला. आता मात्र कळून-सवरून तिसरा बोअर घेतला, तर त्याला चूक म्हणता येणार नाही.

यंदा तोडलेल्या उसाचा खोडवा ठेवू नये, सोयाबीन-तूर घ्यावी, आणि बोअरचे पैसे ठिबकला लावावेत. जुन्या बोअरभोवती खड्डा घेऊन दगड, खडी, वाळू भरली तर पावसाचे पाणी त्यात मुरेल आणि तात्यांच्या विहिरीलाही थोडा आधार होईल. त्यांना एकदा घरी बोलवा. आई, तू चहा ठेव, विषय बाबांनीच काढावा.

पाणाड्याला नारळाचे पैसे दिले असतील तर जाऊ द्या, गाडीवाल्याला मात्र इसार देऊ नका.

कळावे,
तुमची लेक