भागवतास, साल्त्याहून

साल्ता, अर्जेंटिना
६ नोव्हेंबर

प्रिय भागवत,

हातानं पत्र लिहून पानांचे फोटो पाठवणारा माणूस तू दुसरा बघितला नसशील. हस खुशाल. फोनवर तुझं "बोल की, बोल की" आणि मागं पोरांचा कालवा. व्हॉइस मेसेज तू ऐकत नाहीस. (ऐकतो म्हणू नकोस. दिसतं मला.) तेव्हा सवडीनं वाच, पण रविवारच्या आत वाच. सोमवारी टोळीचा ट्रक यायचाय.

तब्येत बरी. पित्त आहे, गोळ्या आहेत.

दत्तानं पुन्हा मुकादमाकडून ऊसतोडीची आगाऊ उचल घेतली हे तुला माझ्याआधी कळलं असणार. मला कळलं आईकडून, आपल्या बाईकडून, तेही "तुला सांगू नको म्हणलाय" या सुरुवातीनं. उचल मी फेडतो म्हणालो, तर म्हणाला, "यंदा फेडशील. फुडल्या साली? दर दसऱ्याला तुझ्या दारात उभा राहू का?" याला काय उत्तर देऊ? तो माझ्यापेक्षा चार वर्षांनी धाकटा, पण बोलतो आप्पांसारखं, तोंडावर कुलूप घालून. त्याची शोभा गर्भाची पिशवी काढल्यापासून कंबर धरते, आणि ती डोक्यावर मोळ्या वाहणार. पण चल, ती दोघं जाणती आहेत. माझी झोप उडालीय ती त्यांच्या ओम्यावरून. यंदा पाचवी. त्याला सोबत न्यायचं ठरलंय. बाईचे गुडघे गेले, ती स्वतःच काकूकडं जेवते. तिच्याच्यानं पोर सांभाळणं होत नाही.

हे सगळं डोक्यात घेऊन मी डोंगरात गेलो. रजा टाकली होती. ऑफिसातली मंडळी काफायातेला वाइन प्यायला गेली. मला एकानं सांगितलं, इरुयाला जा, इतकी शांतता कुठं मिळायची नाही.

इरुया साल्ता प्रांतातच, पण साल्त्यातून सरळ रस्ता नाही. शेजारच्या हुहुय प्रांतात शिरायचं, उमावाका, मग इतुर्बे, तिथून कच्च्या रस्त्यानं ४,००० मीटरची खिंड चढायची आणि पलीकडं उतरायचं. आष्टीवाल्याला बीडपेक्षा नगर जवळ, तसला कारभार. खिंडीत दगडांची रास आहे. येणाराजाणारा तिथं एक दगड आणि कोकाची चार पानं ठेवतो, धरणीमातेला. मी आपला दगड कुठल्या जातीचा ते निरखत बसलो, तर मागच्या म्हातारीनं तो माझ्या हातातून घेऊन स्वतःच राशीवर ठेवला. उरलेली पानं लोक गालात धरतात, सोबत चिमूटभर खायचा सोडा. विरळ हवेत डोकं हलकं राहतं म्हणे. तुला एकदा आणलं पाहिजे. पोरांना तंबाखूमुक्तीची शपथ देऊन झाल्यावर तू शाळेमागं जे करतोस, ते इथं उजळ माथ्यानं करता येईल.

इरुया २,७८० मीटरवर. आपलं कळसूबाई १,६४६. खाली नदी, वर कडे, मधल्या उतारावर मातीच्या विटांची घरं आणि १७५३ सालचं चर्च. पण मी राहिलो त्याच्याही पुढं, सान इसिद्रोला. तिथं जायला नदीच्या पात्रातून आठेक किलोमीटर तुडवायचं. पाणी गार इतकं की बोलती बंद. डिसेंबरात पाऊस लागला की मार्चपर्यंत नदी हा रस्ताही ठेवत नाही.

पोचलो तेव्हा भरदुपार. गल्लीत कुणी नाही. एका ओट्यावर म्हातारी सूत कातत बसलेली, एक मेंढरू, आणि बाकी दारांना कुलपं. सोबतची फ्रेंच जोडी "किती शांत, किती शांत" करत फोटो काढायला लागली. मला मात्र पोटात गोळा आला. भागवत, ही आपल्या वाडीची मार्गशीर्षातली दुपार होती रे. तीच. ज्या गावात जन्मतःच शांतता असते ते गाव वेगळं, आणि ज्यातली माणसं काढून नेलीत ते वेगळं. हे तुला सांगावं लागणार नाही, म्हणून तर लिहितोय. त्या जोडीला सांगून काय उपयोग होता?

जिच्या घरी उतरलो ती बाई ऐंशीच्या आसपासची. सगळे तिला दोन्या म्हणतात, मीही म्हटलं. इथं मेलेली माणसं १ नोव्हेंबरला घरी जेवायला येतात आणि २ तारखेला दुपारी परत जातात. आपली पित्रं, फक्त कावळा नाही. टेबलावर त्यांच्या आवडीचं सगळं मांडतात: मक्याचं तामाल, बटाटे, चिचा (मक्याची दारू), सिगारेट. आणि पाव. आदल्या दिवशी मातीच्या भट्टीत भाजलेले, वेगवेगळ्या आकारांचे. शिडी असते, आत्म्याला चढायला-उतरायला. कबुतर, लामा. आणि मेलेल्यानं हयातीत जे हाती धरलं, त्याचाही पाव करतात. दोन्याच्या टेबलावर बापाच्या फोटोपुढं एक लांब पाव होता, वीतभर मूठ आणि पुढं रुंद होत गेलेलं पातं. पात्याला अंड्याचा हात फिरवून तकाकी आणली होती, आणि मुठीवर सुरीनं तिरप्या खाचा पाडलेल्या, चिंधी गुंडाळलेली दिसावी म्हणून.

आपल्या कोयत्यासारखा वाकडा नाही, सरळ पात्याचा. पण मी मुठीवरून ओळखला. चिंधी कोण गुंडाळतो? ज्याला दिवसभर तोडायचंय तो.

मी विचारलं, ऊस का? तिनं माझ्याकडं असं बघितलं की तुला कसं ठाऊक. मी म्हटलं, माझा बापही तोडायचा, आई मोळ्या बांधायची. मग जी बोलायला बसली, ते सूप गार झालं.

ऐक. खाली ओरानच्या बाजूला, गरम मुलखात, सान मार्तीन देल ताबाकाल नावाचा साखर कारखाना. मालक रोबुस्तियानो पात्रोन कोस्तास. बडं प्रस्थ, १९४३ मध्ये सत्ताधाऱ्यांनी राष्ट्राध्यक्षपदासाठी त्याचंच नाव पुढं केलं होतं, पण निवडणुकीआधीच लष्करानं सरकार उलथवलं. कारखान्याला मजूर हवेत, आणि डोंगरातले लोक खाली उतरायला तयार नाहीत. तर यानं काय केलं असेल? डोंगरच घेतला. १९३० च्या दशकात इरुयाच्या आसपासच्या मोठमोठ्या जहागिऱ्या, त्यावरच्या माणसांसकट, कारखान्याच्या ताब्यात गेल्या. ज्या कुरणात आजे-पणजे मेंढरं चारत आले, त्याचं भाडं भरा. पैसा नाही? मग ऊस तोडा. हिवाळा लागला की कारखान्याची माणसं वर यायची आणि घरंच्या घरं खाली उतरायची. आपल्याकडं उचलीच्या दोरीनं बांधतात, इथं जमिनीच्याच दोरीनं बांधलं. मुकादमाला निदान फसवून पळता तरी येतं (तुझे आबा, दोनदा). आपल्या घरापासून पळून कुठं जायचं?

१९४६ मध्ये या पठारांवरचे पावणेदोनशेच्या आसपास लोक जमिनी मागायला ब्वेनोस आइरेसपर्यंत चालत गेले. १५ मेला आब्रा पांपाहून निघाले, ३ ऑगस्टला पोचले. राष्ट्राध्यक्ष पेरोननं स्वागत केलं, फोटो निघाले, स्थलांतरितांच्या धर्मशाळेत उतरवलं. आणि महिना संपायच्या आत पोलिसांनी त्यांना जबरदस्तीनं आगगाडीत कोंबून परत पाठवलं. 'कोयता बंद' संपाच्या साली तू तहसीलपुढं केलेलं भाषण आठवलं. चहा मिळाला होता ना तुम्हाला? फोटोही.

पुढं यंत्रं आली, माणसांची गरज उरली नाही, आणि ज्यांना घरी राहायला मिळालं त्यांची पोरं शहरात गेली. दोन्याची चारही तिकडंच. म्हणून कुलपं.

पण मी हे सगळं लिहितोय ते कारखान्यासाठी नाही. टेबलावर आणखी एक पाव होता, लहान, कोकराच्या आकाराचा. तो तिच्या थोरल्या भावासाठी. बाप त्याला सोबत न्यायचा, आठ-नऊ वर्षांचा होता, पाचट गोळा करायला. एका हंगामात तापानं तिथंच गेला, तिथंच पुरला. आणि ही धाकटी म्हणून वर राहिली, आजीजवळ, मेंढरांमागं. अर्धं वर्ष दोघीच. म्हणाली, आजी संध्याकाळी बोलायची नाही, लाकडं पुरवायची म्हणून लवकर निजायची.

तेव्हा तू माझ्यापुढं येऊन बसलास, भागवत. औरंगाबादची खोली, रॉकेलचा स्टोव्ह, आणि आपलं ते भांडण. ढवळ्याच्या बैलाचं नव्हे, ते तर आपल्या बापांचं होतं आणि आबांनीच फसवलं होतं, विषय संपला. मी म्हणतोय दुसरं. मी म्हणालो, "तुला शाळा तरी होती." तू म्हणालास, "तुला आई तरी होती." संक्रांतीपर्यंत आपण बोललो नाही. तिळगूळ दिलास तोसुद्धा सुधाकरच्या हातून.

मी जायचो, तू राहायचास. माझ्याकडं काय आहे ते मला पाठ आहे: पहाटे तीनला फडावर ट्रक आला की बाईचा हात अंगावरून उठायचा, मग मी कोपीत एकटा, बहिणीला धरून. दिवसा उसाच्या वाढ्याच्या पेंढ्या विकायच्या. चौथीची सहामाही मी दिलीच नाही. बेळगावकडच्या फडाशेजारच्या शाळेत खिडकीतून कन्नड ऐकत उभा राहायचो. पण रात्री चूल पेटायची आणि सगळे तिथं असायचे. तुझ्याकडं काय होतं ते मला कधी नीट कळलं नाही. आजीला रातांधळं होतं, भाकरी तू थापायचास, एवढं माहीत आहे. पट्टा पडून, हंगाम संपवून आम्ही परत आलो की तू दोन दिवस आईजवळ जायचा नाहीस, लिंबाखाली बसून राहायचास, हेही बघितलंय. विचारलं नाही. आता विचारतोय, कारण ओम्याचं ठरवायचंय आणि मी फक्त माझी बाजू जाणतो.

मला सरळ वाटत होतं की ओम्यानं मागं राहावं, शाळा बुडू नये, संपलं. तुझ्याच शाळेतलं हंगामी वसतिगृह आहे, ते सुरू व्हायला उशीर लागतो असं तूच म्हणतोस, तोवर तुझ्याकडं. दत्तालाही मी हेच बोलणार होतो. आणि त्या टेबलापुढं बसलो तर कळेना. एक जण सोबत गेला आणि मेला, एक मागं राहिली आणि जगली, आणि जगलेलीच ऐंशीव्या वर्षी रडत होती. मी तिला मूर्खासारखं विचारलंही, कुणाचं बरं होतं, तुमचं की त्याचं? तिनं माझ्या ताटात आणखी एक बटाटा वाढला. २ तारखेला दुपारी शेजारपाजारचे आले, प्रार्थना म्हटली, टेबल उठवलं आणि सगळ्यांना पाव वाटले. बापाचा पाव तिनं मोडून मला अर्धा दिला. बडीशेप होती त्यात.

तर आता तू सांग. मास्तर म्हणून नको, पटसंख्या-बिटसंख्या नको. लिंबाखालचा भागवत म्हणून सांग. राहावं की जावं? राहायचं तर ओम्या वसतिगृह उघडेपर्यंत तुझ्याकडं राहील का? खर्च मी देणारच, त्यावरून भांडू नकोस. आणि आणखी एक: मी, दत्ता, बाई, मुकादम, सगळे बोललो, पण ओम्याला कुणीच विचारलेलं नाही. उद्या मधल्या सुट्टीत त्याला बाजूला घेऊन तू विचार. दत्ताला कळू न देता. पोरगं तुला घाबरतं, तेव्हा मिश्या पुसून जा.

तुझी बदली झाली का रद्द? स्लॅब पडला का? म्हणजे टाकला का, पडला नको. वैशूला दहावीच्या अभ्यासात भूगोल लागला तर मला विचारायला सांग, दगडांपुरतं येतं. वहिनींना नमस्कार, आबांनाही. आबांना बैलाचं मी काही लिहिलं नाही असं सांग.

शनिवारी रात्री फोन करतो, तुमच्याकडं रविवारची सकाळ असेल. शाळा नाही, कारण नाही. उचल.

तुझा,
पमा

ता. क. डोंगरात लामाचं कालवण खाल्लं. चांगलं असतं, शेळीच्या जवळपास. बाईच्या कानावर घालू नकोस, ती मलाही माळ घालायच्या मागं लागलीय.