न उकरायच्या कुंडीत हवा कशी टिकवायची?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिना लागला की ठाणे-नवी मुंबईतल्या गच्च्या आणि गॅलऱ्यांत कुंड्या नव्याने भरण्याची लगबग सुरू होते. 'माती उकरू नका, मुळे आतच राहू द्या, वरून पाल्याचे आच्छादन घाला' हा विनामशागतीचा सल्ला आता पुष्कळांच्या कानी पडलेला आहे. सल्ला योग्यच आहे. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या एसआरटी (सगुणा राईस टेक्निक) या विनामशागत भातशेतीच्या पद्धतीत भाताची मुळे जमिनीतच ठेवतात आणि ती कुजून झालेल्या नळ्यांतून हवा-पाणी खेळते. पण शेताला खाली जमीन असते, कुंडीला तळ असतो. शिवाय एकदा उकरणे बंद केले की पहिल्या दिवशी मातीत जी पोकळी ठेवली तिच्यावरच पुढची चार-पाच वर्षे काढायची. म्हणून हवा खेळती ठेवणारा माल स्वस्त की महाग, यापेक्षा तो किती टिकतो हे आधी पाहावे.

भाताचे तूस कर्जत, मुरबाडकडच्या गिरण्यांतून जवळजवळ फुकट मिळते. हलके आहे, त्यात सिलिका भरपूर असल्याने इतर काडीकचऱ्यापेक्षा सावकाश कुजते. तरी आपल्या दमट हवेत वर्ष-दोन वर्षांत ते संपते आणि माती खाली बसते. म्हणजे तूस चालेल, पण एकट्याच्या भरवशावर नाही. कच्च्या तुसात टरफलासकट राहिलेले भाताचे दाणे असतात, ते कुंडीत उगवतात. आठवडाभर ओले ठेवून उगवू द्यावे आणि मग वाळवून वापरावे. रसवंतीवरच्या चिपाडाचे आयुष्य याहूनही कमी, आणि कुजताना ते मातीतला नत्र ओढून घेते. रोपे पिवळी पडली की लोक खताला दोष देतात.

परलाइट हा ज्वालामुखीचा काचदगड साधारण 850 ते 900 अंशांवर फुलवलेला असतो. वजन नगण्य, कुजत नाही. मात्र दाबला की चुरा होतो, आणि पाण्याबरोबर तरंगून वर येतो. वर आच्छादन असेल तर हा त्रास कमी. कोरडा हाताळताना त्याची धूळ नाकात जाते, आधी पाणी शिंपडावे. त्याच्याच शेजारी विकायला असणारे व्हर्मिक्युलाइट (अभ्रकासारखे, फुलवलेले खनिज) घेऊ नये. ते पाणी धरण्यासाठी असते, आणि त्याचे पदर ओल्या मातीच्या वजनाने चेपून बसतात. प्युमिस हा ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड उत्तम, पण बाहेरून येतो आणि त्या भावाने मिळतो.

आपल्याकडे सर्वांत हुकमी माल म्हणजे भट्टीतल्या लाल विटेचे तुकडे. चांगली वीट स्वतःच्या वजनाच्या 20 टक्क्यांपर्यंत पाणी शोषते, तुटत-कुजत नाही, गांडुळांनाही चालते. मात्र वीट भट्टीची, कोरी हवी. पाडलेल्या इमारतीच्या राबिटमधली, म्हणजे मलब्यातली, नको, कारण तिला सिमेंट-चुना आणि रंग चिकटलेला असतो. सिपोरेक्सचे (बांधकामातल्या हलक्या सच्छिद्र ठोकळ्यांचे) पांढरे तुकडे तर अजिबात नकोत. त्यातल्या चुन्या-सिमेंटने मातीचा सामू (pH) चढतो आणि लोह असूनही झाडाला मिळत नाही.

तुकडे 5 ते 10 मिलिमीटरचे असावेत. मोठ्या जाळीवर अडकलेले परत फोडायचे, बारीक चाळणीतून गळलेला भुगा टाकून द्यायचा. या चाळण्याचा कंटाळा केला तर सगळा खर्च वाया जातो, कारण बारीक कण मोठ्या कणांच्या फटीत जाऊन बसतात. क्रश सँडने (दगड भरडून केलेल्या वाळूने) माती मोकळी होते, हा समज असाच फसवतो: नर्सरीतल्या लाल मातीत ती मिसळली की पावसाळ्यानंतर कुंडीत गिलावा तयार.

60 लिटरच्या ग्रो-बॅगसाठी: धुतलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) 20 लिटर, चाळलेले गांडूळखत 20 लिटर, विटेचे तुकडे 12 लिटर, तूस 6 लिटर आणि वाटाण्याएवढा लाकडी कोळसा 2 लिटर. कोळसा आधी दोन आठवडे शेणाच्या पाण्यात भिजवावा, नाहीतर तोच मातीतली अन्नद्रव्ये धरून ठेवतो. मिश्रण 60 लिटरपेक्षा थोडे कमीच भरेल. कण एकमेकांत बसतात.

वजनाचे भान ठेवावे. अशी ओली पिशवी 45 ते 50 किलोंच्या घरात जाते. ये-जा असलेल्या गच्चीसाठी आयएस 875 या इमारतींवरील भारांच्या भारतीय मानकात दर चौरस मीटरला साधारण 150 किलो भार धरलेला असतो, तेव्हा एका चौरस मीटरवर चार पिशव्या म्हणजे हिशेब चुकला. जुन्या इमारतीत सोसायटीच्या अभियंत्याला विचारूनच मांडणी करावी, पिशव्या पसरून ठेवाव्यात आणि निम्म्या विटेच्या जागी परलाइट घ्यावे.

तळाला खडीचा थर देण्याची आपली सवय मात्र सोडायला हवी. बारीक मातीतले पाणी खालच्या मोठ्या पोकळीत सहज उतरत नाही. ते थराच्या वरच साचून राहते. म्हणजे चार इंच खडी घातली की ओलीचिंब पट्टी चार इंच वर सरकते आणि मुळांची तेवढी जागा जाते. भोकावर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा पुरतो. थर्माकोलचे तर नावच नको. त्याचे मणी नाल्यातून थेट खाडीत.

मिश्रण जमले की नाही हे मोजता येते. भोक बंद केलेल्या एक लिटरच्या डब्यात ओलसर मिश्रण भरा. हळूहळू पाणी घालत काठापर्यंत आणा, तासभर थांबा, पुन्हा काठापर्यंत भरा. मग भोक उघडून निथळलेले पाणी मोजा. 150 ते 200 मिलिलिटर आले तर हवा 15 ते 20 टक्के, उत्तम. 100 च्या खाली आले तर जुलैच्या झडीत मुळे गुदमरणार; खराब अंड्यासारखा वास आणि चिलटे ही त्याची खूण.

पीक निघाल्यावर खोड मातीलगत कापावे, मुळे आतच ठेवावीत. हंगामाला दोन-तीन इंच माती बसते. तेव्हा नुसते गांडूळखत ओतले तर वरचा थर गच्च होतो आणि खालची हवाही कोंडते. तीन भाग खताला एक भाग विटेचे तुकडे मिसळूनच भर घालावी, आणि वर सोनमोहोर किंवा वर्षावृक्षाचा वाळका पाला दोन इंच पसरावा.

आपला,
एक वाचक, घणसोली, नवी मुंबई