मांडेवाल्या काकूंना, पिझ्झाच्या उंड्याबद्दल

काकू,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुम्ही स्वतः वाचणार नाही, नात मोबाईलवर वाचून दाखवील. मध्ये थांबवून तिला भाजीचं विचारू नका म्हणजे झालं.

गेल्या श्रावणातली गोष्ट. आपल्या बेळगावच्या शहापुरात आठ-आठ दिवस ऊन नाही, धुणं वाळेना, आणि मुलांना घरी केलेला पिझ्झा हवा होता. मी मनातले मांडे खात यीस्टची पुडी फोडली. पहिला गोळा चार तास दगडासारखा बसून राहिला. चूक माझीच. गारठा आहे म्हणून गॅसवरचं कढत पाणी ओतलं होतं. यीस्ट जिवंत असतं. त्याला ३५ ते ४० अंशांचं, बोटाला जेमतेम कोमट लागणारं पाणी मानवतं. ६० अंशांच्या आसपास ते मरतं. मी त्याला मारून वर फुगायची वाट बघत होते!

दुसरा गोळा फुगला, पण लाटणं उचललं की आक्रसायचा. हट्टानं ओढला, तर फाटला. तेवढ्यात तुम्ही डबा परत द्यायला मागच्या दारानं आलात. "हे काय करुलास गं?" म्हणत गोळ्यात बोट खुपसलंत. पिझ्झा तुम्ही तोवर खाल्लाही नव्हता. तरी लगेच म्हणालात, "ह्याला मळलंयस कमी आणि छळलंयस जास्त."

मग पदर खोचून बसलात. तळव्याच्या टाचेनं पुढे ढकलायचं, दुमडायचं, फिरवायचं. घड्याळ लावून बारा मिनिटं. मी मधे पीठ भुरभुरवायला गेले तर हात झटकलात; चिकटू दे, मळता मळता सुटतं. शेवटी लिंबाएवढा तुकडा दोन्ही हातांच्या बोटांवर ताणून खिडकीसमोर धरलात. पलीकडचा उजेड दिसला, तुकडा फाटला नाही. पुढे कळलं, पाव-पिझ्झाच्या पिठाची परीक्षा जगभर अशीच घेतात. मैद्यातलं ग्लुटेन, म्हणजे पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन, तयार झालं की पापुद्रा धरतो. तुम्ही ते मांड्याच्या पिठावर चाळीस वर्षं बघत आलात.

आणि मग झाकून ठेवायला लावलंत. मळल्यावर ग्लुटेन ताठरतं, विसावा दिला की सैल पडतं, हे कारण मला मागाहून समजलं. तुम्ही फक्त म्हणत होतात, "निधान, निधान." कानडीत निधान म्हणजे सावकाश, मराठीत निधान म्हणजे ठेवा. तुम्ही कुठल्या भाषेत बोलत होता, विचारायचं राहूनच गेलं. आपल्या गल्लीत तसंही कोण विचारतं?

लाटणं तुम्ही फडताळात टाकलंत. मूठ वळून गोळा तिच्यावर टाकायचा आणि बोटांच्या पेरांवर फिरवत मोठा करायचा, कडा जाड ठेवायची. मांडा हातावर पसरून उपड्या कढईवर टाकतात, तसंच. नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांची कला २०१७ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. ती बातमी वाचताना मला कोपरापर्यंत पांढरे झालेले तुमचे हात आठवले.

उपड्या कढईवरूनच मला सुचलं. आता बिडाचा तवा ओव्हनमध्ये उपडा ठेवून २५० अंशांवर पाऊण तास तापवते आणि त्यावर पिझ्झा सरकवते. आठ-नऊ मिनिटांत तळ खरपूस होतो. नेपल्सच्या लाकडाच्या भट्टीत तो दीड मिनिटात होतो म्हणे, आपल्याला तेवढी घाई नाही.

तुम्हाला माप सांगायचं राहिलं होतं. तुम्ही ओंजळीनं मोजता म्हणून हसू नका. अर्धा किलो मैदा, ३२० मिली पाणी, १० ग्रॅम मीठ, चहाचा एक चमचा यीस्ट. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला तर गोळा हळूहळू फुगतो, चवही चढते. पावसाळ्यात तर मला हेच बरं पडतं.

त्या दिवशी तुम्ही वरचं चीज बाजूला काढलंत, "हे रबर कशाला?" म्हणालात, आणि कडा तेवढी चहात बुडवून खाल्लीत. तेव्हापासून तुमच्या वाटणीचा एक उंडा चीजशिवाय, नुसत्या तिळाचा असतो. शनिवारी रात्री दोन मळून ठेवतेय. मागच्या दाराची कडी काढलेली असेल.

तुमची,
पलीकडच्या घरातली